खिशातली कुरोडी

आमच्या शेजारचे दिगंबरकाका शर्टाच्या खिशात कुरोडी घेऊन हिंडतात. पेन नाही, चष्मा नाही, कुरोडी! गव्हाच्या चिकाची, उन्हात वाळवलेली, पांढरीशुभ्र, जाळीदार. पुण्याकडचे लोक तिला कुरडई म्हणतात. म्हणोत बापडे, रायपुरात आमच्या तात्यापाऱ्यात ती कुरोडीच.

माणूस दिसला रे दिसला की काका ती त्याच्या नाकासमोर धरतात आणि विचारतात, "हे पायजे असन तं मोबाइलात काय लिहाल?"

वेळ नाही, काळ नाही. आमच्याकडे सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी सोडलं नाही. गुरुजी म्हणाले, "आम्ही काहीच लिहीत नाही, आम्हाला आयती मिळते." माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते, तिथेही काका हजर. मुलगा बिचारा गांगरला आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. पाहुणे जिना उतरायच्या आत काकांचा निकाल तयार होता. "अलके, हे स्थळ राहू दे. पोट्टा कुरोडी ओळखत नाही." मी अशी भडकले की विचारू नका. आणि माझी कन्या आत तोंडात पदर कोंबून हसत होती.

आता या खुळाला कारण आहे, तेही सांगते. मागच्या वर्षी सुमनकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, शब्द गेले. वाटी समोर असते आणि 'वाटी' काही सापडत नाही. मग काकू चिडतात, रडतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. कुरोड्या घालायला बसल्या की मात्र पूर्वीच्या काकू! तिथे शब्द लागत नाहीत ना. पण घरचे खाऊन खाऊन किती खाणार? डब्यांवर डबे चढले. तेव्हा त्यांची सून वैशाली हिनं इंटरनेटवर दुकान काढलं. माल खपला तर काकूंचे हात चालू राहतील, एवढाच हेतू.

पण दुकानाकडे कुत्रंही फिरकेना. वैशालीनं वर लिहिलं होतं, 'पारंपरिक हस्तनिर्मित वैदर्भीय वाळवण'.

"भूक लागलेला माणूस असं लिहिते का, बाई?" काका म्हणाले. "गिऱ्हाईक ज्या बोलीत मागन, त्या बोलीत दुकानानं ओ द्याले पायजे."

झालं! त्या दिवसापासून कुरोडी खिशात आली. काका भनपुरीला ट्रकवाल्यांकडे जाऊन आले. तिथे एक ड्रायव्हर म्हणाला, "भैया, लिखता कौन है? हम तो मोबाइल में बोल देते हैं." काका धापा टाकत माझ्याकडे आले. "अलके, लोक बोलून शोधून राहिले!" जणू अमेरिकेचा शोध लागला.

एकदा तर नवा रायपूरला माझ्या ऑफिसात अवतरले. रोज त्या रुंद रस्त्यांवर बसची वाट बघून मी अर्धी होते, आणि हे कुणाच्या तरी गाडीत बसून आले. थेट साहेबांच्या टेबलावर कुरोडी! फाइलवर सगळा चुरा. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. साहेब मात्र ती उलटसुलट करून म्हणाले, "मैं तो लिखूंगा, गेहूं का जाली पापड़." काकांनी हात जोडले. "हव साहब, हव!"

वैशालीनं दुकानात मालाच्या नावापुढे 'गेहूं का जाली पापड़' घातलं. 'कुरडई' घातलं, 'तलने वाला फूल' घातलं. आणि खरंच, बीरगांवातून पहिली ऑर्डर आली. मग भिलाईहून, मग कुठून कुठून. काकू पुन्हा सकाळी सोऱ्या घेऊन बसायला लागल्या.

सगळं सुरळीत चाललं असताना एक दिवस शेजारून भांडण ऐकू आलं. आता भिंत एकच, त्याला मी काय करू?

"बाबा, 'उन्हातली पांढरी बाई'? हे काय लिहायला लावलंत? लोक काय म्हणतील!"

"राहू दे."

"कोणी शोधत नाही हो असं. काढून टाकते."

"हात नाही लावायचा त्याले!" काका ओरडले. उभ्या जन्मात सुनेवर आवाज न चढवलेला माणूस. "एक गिऱ्हाईक आहे त्याचं."

मला वाटलं, म्हातारा बिघडला.

रविवारी दुपारी त्यांचा डबा परत करायला गेले. काकू दिवाणावर बसल्या होत्या, मोबाइल तोंडाशी धरून. "ते... ते..." चेहरा लाल झालेला, डोळे भरलेले. शेजारी काका मुठी आवळून बसलेले. मी शब्द सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

"उन्हातली..." काकू म्हणाल्या, "पांढरी बाई."

मोबाइलनं क्षणभर विचार केला आणि काकूंच्याच कुरोड्या समोर आणल्या. गच्चीवरच्या, काकूंच्या हातासकट.

"सापडली!" काकूंनी फोन माझ्यापुढे नाचवला. लहान मुलीसारख्या हसत होत्या.

"सापडली हो काकू," मी म्हटलं आणि डबा खाली ठेवला.

काका मला दारापर्यंत सोडायला आले. "ती बोलते अन् समोरचा म्हणते, समजलं नाही. मंग ती बोलाचंच सोडते. एक तरी जागा असली पायजे न, जिथं तिले समजते."

"तुम्हाला काय म्हणतात हो त्या आता?" मी विचारून बसले. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

काका खिशातली कुरोडी चाचपत राहिले. "मले अजून हाकच नाही मारली तिनं. 'अहो' सुद्धा नाही. वाट पाहून राहिलो. ज्या शब्दानं हाक मारन, तेच माझं नाव."

आतून दिवाण वाजला. काकू उठून दाराशी आल्या होत्या. त्यांनी काकांची बाही धरून ओढली. ओठ हलले, पुन्हा हलले. शब्द काही येईना.

"ओ!" काका म्हणाले.