शोभा, ड्रोन नाही

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे दिनकरराव मोहोड नमस्कार करण्याआधी आकाशाकडे बोट वर करतात. बोट वर गेलं की समोरच्याने गप्प उभं राहायचं. ते मान किंचित वाकडी करतात, डोळे मिटतात आणि थोड्या वेळाने निकाल देतात. "देशमुखांचा कूलर." किंवा, "मागच्या गल्लीतली गिरणी." मग हात जोडतात आणि विचारतात, "बरे आहा नं, सर?"

घर बघायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मी मनात म्हटलं, जन्मभर भूगोल शिकवून आता असा भाडेकरू नशिबी यायचा होता. पण सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शोभावहिनींकडे पाहिलं आणि होकार देऊन टाकला.

मोहोड साहेब सरकारच्या ड्रोन सुरक्षा कक्षात विश्लेषक आहेत. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत कुणाला आकाशात काही फिरताना दिसलं की तक्रार त्यांच्या टेबलावर येते. त्यांच्या अहवालाला तीन रकाने असतात. काय दिसलं, काय ऐकू आलं आणि काय होतं. पहिल्या रकान्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. लोक लाल दिवा, हिरवा दिवा सांगू लागले की ते म्हणतात, "दिवा राहू द्या. आवाजाचं सांगा." ही सवय घरीही सुटत नाही. मी नातवाचा फोटो दाखवला तर म्हणाले, "दिसते गोड. रडते कसा?"

आवाज काढून घेण्याची त्यांची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. एकदा परतवाड्याला जायचं होतं म्हणून मी त्यांच्या जीपमध्ये बसलो. वाटेत एका गावात तक्रार होती, संत्र्याच्या बागेवर रोज काहीतरी घिरट्या घालतं. साहेबांनी पंचायतीसमोर सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाला तो आवाज तोंडाने काढायला लावला. सरपंच घूं करून पाहत होते, कोतवाल हूं करून पाहत होता. साहेब वही घेऊन एकेकाच्या तोंडाशी कान नेत होते. मला हसू आवरेना. शेवटी एक म्हातारी पुढे आली. तिने डोळे मिटून असा आवाज काढला की सगळी ओळ दचकली. काही माणसांनी नकळत वर पाहिलं. मीही पाहिलं. वर काही नव्हतं.

"सहा पंख्यांचं," साहेब हळूच म्हणाले. "फवारणीचं. एक पंखा झिजलेला." दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिवारात तसलंच फवारणीचं यंत्र सापडलं. तिसरा रकाना भरला. 'अनोळखी' हा शब्द त्यांनी सगळ्या नोकरीत कधी लिहिला नव्हता.

मग कक्षाने चाचणीसाठी एक यंत्र आमच्या गच्चीवर बसवलं. करड्या रंगाचा डबा आणि त्याला चार बाजूंनी जाळीची बोंडं. साहेब त्याला 'कान' म्हणत. ड्रोनचा आवाज आला की कान त्यांच्या मोबाईलवर संदेश पाठवायचा. पण सुरुवातीला त्याला सगळंच ड्रोन वाटे. सुमनचा मिक्सर ड्रोन, गांधीलमाशी ड्रोन. साहेबांनी प्रत्येक आवाजाला नाव देऊन त्याला शिकवायला घेतलं. शोभावहिनी दुपारी चार वाजता ब्लाउज शिवायला बसत. त्यांचं मशीन मोटारीवर चालायचं. कान रोज चारला बोंबलायचा. तेव्हा साहेबांनी 'शिलाई मशीन' असं लिहायचं सोडून नुसतं 'शोभा' लिहिलं. त्या दिवसापासून चार वाजता संदेश येऊ लागला. शोभा. ड्रोन नाही.

वहिनी हे सांगून सांगून हसायच्या. "सुमनताई, लग्नाले इतकी वर्षं झाली, आता कुठं त्याहीची खात्री पटली."

पण झालं असं, की साहेब दौऱ्यावर असले तरी त्यांना घरी फोन करावा लागेना. अकोटच्या कापूस जिनिंगमध्ये असोत की धारणीच्या रस्त्यावर, चारला मोबाईल वाजला की घर ठीक आहे हे कळायचं. सुमनने एकदा वहिनींना विचारलं, तुम्ही तरी फोन का करत नाही. त्या म्हणाल्या, "मी मशीनवर बसली की त्याहीले तिकडं समजते. फोन कावून करू?" शिवायला काही नसलं तरी त्या चारला बसून एखाद्या चिंधीवर टाके मारत.

गेल्या वर्षी साहेब धारणीला होते. साडेचारच्या सुमारास माझा फोन वाजला.

"सर, जरा वर जाता का? आज शोभा वाजली नाही."

मी वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी मशीनवरच डोकं ठेवून बसल्या होत्या, कापड सुईखाली होतं, पाय मोटारीच्या पेडलवरून खाली घसरलेला. मी त्यांना हाक मारली. फोन अजून चालू होता आणि पलीकडे साहेब होते. ते फक्त ऐकत होते. मला सांगावं लागलं नाही. ते माझ्या आवाजावरूनच त्यांना कळलं, आणि त्याचा मला आजही त्रास होतो.

तेरावं झालं. साहेबांनी मशीनवर झाकण घातलं, घराची एक किल्ली माझ्याकडे ठेवली आणि कामाला लागले. बोट वर करायचे, निकाल द्यायचे, पण आता नमस्कार विसरून जायचे.

उन्हाळा सरत आला होता. साहेब त्या दिवशी अकोल्याला बैठकीला गेले होते. चार वाजून काही मिनिटांनी फोन आला. आवाज अगदी हळू.

"सर, वर कोणी आहे का?"

"कोणी नाही. किल्ली माझ्याच खिशात आहे."

"मंग शोभा कावून वाजून राहिली?"

मी वर गेलो, कुलूप उघडलं. झाकणावर धूळ होती. साहेब म्हणाले, "मशीनवर हात ठेवा." मी झाकण काढून हात ठेवला. मोटार थंडगार होती. तेवढ्यात मलाही ऐकू आलं. बारीक, एकसुरी, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारी घरघर, जशी शिवण वळवताना थांबते. तो आवाज छताच्या वरून येत होता.

असा अकरा दिवस चारला संदेश आला. शोभा. ड्रोन नाही. साहेबांचा चेहरा त्या दिवसांत पाहवत नव्हता. ते सुट्टी टाकून गच्चीवर बसले आणि बाराव्या दिवशी त्यांनी तिसरा रकाना भरला. बायपासपलीकडच्या जमिनी मोजणारं कुणाचं तरी विनापरवाना ड्रोन होतं. त्याची एक मोटार झिजली होती आणि ती हुबेहूब वहिनींच्या मशीनसारखी वाजत होती. अकरा दिवस एक खरं ड्रोन आमच्या डोक्यावरून गेलं आणि कान त्याला घरचं माणूस समजून सोडून देत होता. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'दोष यंत्राचा नाही. शिकवणाऱ्याचा आहे.'

वरून आदेश आला, ते नाव यंत्रातून पुसा. नाहीतर दोन्ही आवाज वेगळे करून दाखवा. मुदत एक महिना.

साहेब कागद घेऊन माझ्याकडे आले. "पुसाले एक मिनिट लागते, सर," ते म्हणाले. "वेगळे कराले मात्र मशीनचे ताजे नमुने लागतात. रोजचे."

दुसऱ्या दिवशी चार वाजता वर मशीन सुरू झालं. सुमन निवडायला घेतलेली मेथी हातात धरून तशीच बसून राहिली. "ऐकलं का?" ती म्हणाली. मी ऐकत होतो. मग मी वर गेलो. मोहोड साहेब मशीनवर बसले होते. सुईत दोरा नव्हता. एका जुन्या ब्लाउजपीसवर ते रिकामे टाके मारत होते, आणि वहिनी थांबत तिथे थांबत होते.

महिनाभर ते बसले. महिन्याअखेरीला कक्षाची माणसं आली, एक झिजल्या मोटारीचं ड्रोन उडवलं, मग मशीन चालवलं. पहिल्याला कानाने बरोबर ड्रोन म्हटलं. दुसऱ्याला म्हणाला, शोभा. ड्रोन नाही. शंभरदा करून पाहा, साहेब त्यांना सांगत होते, आता चुकणार नाही.

माणसं गेल्यावर ते माझ्याजवळ आले. बोट वर केलं नाही. "सर, एक मागू का? मी दौऱ्यावर असलो की चारला तुमी जरा मशीनवर बसान? दोन मिनिटं. मले माहीत राहीन का तुमी बसले. पण तिकडं धारणीत मोबाईल वाजला पाहिजे. नाही वाजला का मले जीपमध्ये बसवत नाही."

मी हो म्हणालो. त्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण मला हसू आलं नाही. तेव्हापासून मी बसतो. पेडल दाबायला मला फार अवघड गेलं, मग सवय झाली.

गेल्या मंगळवारी साहेब धारणीला गेले होते आणि मला अकोल्याला मेव्हण्याकडे अचानक जावं लागलं. सुमनही सोबत होती. जेवणं, गप्पा, आणि मशीनची आठवण झाली तेव्हा पाच वाजून गेले होते. खिशातली किल्ली हाताला लागली आणि मला अगदी अपराधी वाटलं. त्यांना फोन करायचा धीर होईना. संध्याकाळी घरी आलो तर साहेब फाटकातच उभे. मी माफी मागायला तोंड उघडलं.

त्यांनी हात जोडून नमस्कार केला. किती महिन्यांनी केला. मग मोबाईल माझ्यापुढे धरला. चार वाजून सात मिनिटं. शोभा. ड्रोन नाही.

"आज जरा उशिरा बसले, सर," ते म्हणाले. "पण आज अगदी तिच्यासारखं चालवलं तुमी."

माझी मूठ खिशात किल्लीवर आवळली होती. सुमनने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

"हो," मी म्हणालो. "आता हात बसत चालला आहे."