ट्रॉली उचलंना, ईरण्णाला बोलवा

ईरण्णा फाटकातून आत येताना दिसला की माझी बायको आधी दोरीवरचे कपडे काढते. कारण या माणसाला तेलाच्या दाबानं ट्रॉली उचलणारा हायड्रॉलिकचा पाइप ट्रॅक्टरला जोडण्याआधी कपलर, म्हणजे पाइपचं जोडाचं तोंड, पुसायला धुतलेलं कापडच लागतं. फडकं दिलं तर ते नाकाशी नेतो आणि परत करतो. "ह्यात माती हाय. तेलात माती गेली की खेळ खलास." मग अंगणात जे पांढरंशुभ्र दिसेल ते ओढतो. माझे दोन टॉवेल आणि लग्नातला एक सदरा असेच कामी आले.

मंद्रूपला माझी डाळिंबाची बाग आहे आणि बागेच्या ओळींत शिरेल एवढा एक मिनी ट्रॅक्टर. कधी पलटी नांगर, कधी शेणखताची ट्रॉली, असं काही ना काही त्याला जोडावं लागतं. त्यासाठी ईरण्णा कुंभारीहून मोपेडवर येतो. बायको वारली, मुलं पुण्याला, घरात दुसरं कुणी नाही. म्हणून की काय, स्वतःला हायड्रॉलिकचा डॉक्टर समजतो. पाइपला कान लावून बसतो आणि बोट वर करून सगळ्यांना गप्प करतो. एकदा तर बायकोला स्वयंपाकघरात ओरडून सांगितलं, "वहिनी, मिक्सर बंद करा की, तेल ऐकू येईना!" चटणी अर्धवट राहिली. तेल काय म्हणालं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

"तेलाला घाई न्हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडच्या उन्हात ट्रॉली उभी राहिली की पाइपातलं तेल फुगतं आणि कपलर बसत नाही. चारचौघं अशा वेळी दगड घेऊन दोन ठोके घालतात. ईरण्णा पाइपवर ओलं पोतं टाकतो आणि ओसरीवर जाऊन बसतो. एक तास!

ओसरीवर माझे वडील असतात. अप्पांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, आणि त्यात त्यांचं मराठी गेलं. लहानपणचं कन्नड तेवढं राहिलं. त्यांच्याशी कन्नड बोलणारी आमची आई आधीच गेलेली. मी सोलापूरला वसतिगृहात शिकलो, मला कन्नडमधल्या फक्त शिव्या येतात. बायको सांगोल्याची, तिला त्याही येत नाहीत. ईरण्णा मात्र त्यांच्यापुढे मांडी घालून "ऊटा आतेन?" करत सुरू होतो. जेवण झालं का, हे विचारायला माणसाला तास लागतो? फुकटचा चहा आणि वेळकाढूपणा, दुसरं काय, असं मी बायकोला कितीदा तरी म्हणालो.

बरं, एवढं करून काम तरी धड व्हावं! आठ दिवस गेले की पुन्हा तेच. लिव्हर पूर्ण ओढली तरी भरली ट्रॉली वीतभर उचलते आणि थांबते. फोन केला की स्वारी हजर. "लई नाजूक मामला हाय." पुन्हा कपलर, पुन्हा टॉवेल, पुन्हा ओसरी.

आणि ताठा किती! बसवजयंतीला बायकोनं त्याला जेवायला बोलावलं, तर म्हणतो, "काम काय हाय?"

"काम काही नाही. जेवायलाच या."

"काम न्हाय तर कुणाच्या दारात कशाला जायाचं?" आला नाही तो नाहीच. असला माणूसघाणा मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी ऐन बहराच्या तोंडावर शेणखताची ट्रॉली अडली आणि माझं डोकं फिरलं. मी शोरूमचा मेकॅनिक बोलावला. लिव्हरपासून तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत एक सळई जाते, तिच्यावरचा नट त्यानं बोटानं हलवून दाखवला. "हा आपोआप ढिला होत नाही, साहेब. कुणीतरी पाना लावून करतंय." त्यानं नट आवळला आणि दहा मिनिटांत निघून गेला.

मी तिथल्या तिथे ईरण्णाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही, असंही बजावलं. पलीकडून एकच शब्द आला, "बरं."

ट्रॉली झकास उचलू लागली. अप्पा मात्र रस्त्याकडे तोंड करून बसू लागले. मोपेडचा आवाज आला की मान वर, ती पुढे निघून गेली की मान खाली. आठवडाभरानं त्यांनी ताट बाजूला सारलं. दोन दिवस दुधावर काढले. तिसऱ्या दिवशी तेही नको. बायको ताट उचलताना म्हणाली, "ट्रॅक्टर दुरुस्त केलात खरा तुम्ही."

मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायला लावल्याबद्दल ईरण्णाचा रागही आला. सरळ सांगता येत नव्हतं का गाढवाला, की अप्पांशी बोलायला येतो म्हणून?

मी पाना घेतला आणि तो नट चांगला सैल केला. मग फोन लावला. "ट्रॉली उचलंना."

"शोरूमचा माणूस बोलवा की."

"त्याला जमत नाही."

पाऊण तासात मोपेड फाटकात. ईरण्णानं वाकून नट पाहिला, मग माझ्या हाताला लागलेलं तेल पाहिलं. पिशवी ठेवली आणि ओसरीवर गेला. थोड्या वेळानं अप्पांचा आवाज ऐकू आला. काय बोलत होते देव जाणे, पण एका हातानं भाकरी मोडत बोलत होते.

तासाभरानं ईरण्णा खाली आला. माझ्यासमोर त्यानं नट गच्च आवळला, ट्रॉली पूर्ण उचलून दाखवली आणि खाली घेतली. मग पुन्हा पाना लावून नट किंचित मागे फिरवला.

"हितं बगा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "अर्धा आटा बास हाय. तुमी केलता तेवढ्यानं सळईच निसटंल."