लाल गाडीचा जीर्णोद्धार

माणसाची योग्यता तो काय चालवतो यावरून ठरत नाही. त्याच्याकडे काय बंद पडलेलं आहे यावरून ठरते. चालणारी गाडी काय, कोणाकडेही असते. विमा एजंटाकडेसुद्धा असते. बंद पडलेली स्पोर्ट्‌स कार मात्र हजारात एखाद्याच घरी असते, आणि ते घर माझ्या ताईचं होतं.

दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, ती लाल गाडी कोंबड्यांच्या एका शेडमधून सोडवून आणली. (‘सोडवून’ हा दाजींचा शब्द. कोंबड्यांचं म्हणणं कोणी विचारलं नाही.) दोघांपुरती जागा, आणि छप्पर इतकं खाली की गाडीत बसायचं नसे, ती अंगात घालावी लागे. टेम्पोतून ती उतरवताना दाजी ताईला म्हणाले, "पहिली फेरी समुद्रावर. फक्त तू आणि मी."

समुद्र काही फार लांब नव्हता. सकाळी बसने निघालं की दुपारी जेवायला माणूस तिथे. पण ताईने गाडीची वाट पाहायचं ठरवलं. नवीन लग्न होतं.

गाडी एकट्यानेही दुरुस्त करता येते. परंतु त्यात ती दुरुस्त होण्याचा धोका असतो. म्हणून दाजींनी समविचारी लोकांचं मंडळ जमवलं. त्यात एक दंतवैद्य होते. ते दाढा तपासायचा छोटा आरसा इंजिनात घालून "अरेरे, आत बरंच किडलंय" असं सांगत आणि पाना लावण्यापूर्वी सवयीने "अजिबात दुखणार नाही" म्हणत. दुसरे भूमितीचे मास्तर. ते गॅरेजच्या भिंतीवर खडूने आकृती काढल्याशिवाय नटाला हात लावू देत नसत. तिसऱ्याला सगळे हॉर्सपॉवर म्हणत. जगातल्या यच्चयावत गाड्यांची ताकद त्याला तोंडपाठ होती, आणि त्या ज्ञानाला धक्का लागू नये म्हणून तो कुठलंही काम करत नसे. मी मेव्हणा असल्याने टॉर्च धरायला.

मंडळाचा कारभार अत्यंत शिस्तीचा होता. निम्मा वेळ चर्चेत जाई, उरलेल्यातला निम्मा चहात, आणि बाकीचा हातातून निसटलेला नट शोधण्यात. (नट सापडला तर तो कुठला, यावर पुन्हा चर्चा.) गाडी उघडत गेली तशी ती घरात पसरत गेली. कार्बुरेटर ताटाळ्यात सुकायला आला. पिस्टनच्या रिंगा चमच्यांच्या खणात, बॉनेट पाहुण्यांच्या पलंगावर. गाडीची दोन्ही आसनं दिवाणखान्यात सोफ्याच्या जागी मांडली. ती इतकी खोल होती की ताईच्या सासूबाई एकदा त्यात बसल्या, आणि त्यांना वर काढायला मंडळाची तातडीची बैठक बोलवावी लागली. जॅक लावावा असं मास्तरांचं मत पडलं. शेवटी ताईने हात दिला.

ताई हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. ज्या घरात ताशी दोनशे किलोमीटर पळणारी गाडी होती, त्या घरासमोरच्या थांब्यावर ती रोज सकाळी बसची वाट पाहत उभी असे. दाजी गॅरेजच्या दारातून हात हलवत आणि म्हणत, "थोडंच राहिलंय गं." यात खोटं काही नव्हतं. थोडं नेहमीच राहिलेलं असे. वर्षं मात्र बरीच झाली.

आणि एके दिवशी गाडी चालू झाली. यात मंडळाचा काहीही दोष नव्हता.

झालं असं, की ताईची चहाची गाळणी दिसत नव्हती. मंडळाने ती तेल गाळायला नेली असणार, हे तिने अनुभवाने ओळखलं. गॅरेजमध्ये भिंतीवरच्या आकृतीवरून वाद पेटला होता. आसनं नुकतीच पुन्हा बसवली होती. ताई गाडीत शिरली, हात घालून इकडेतिकडे चाचपलं, किल्ली दिसली म्हणून फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली.

मास्तरांच्या हातातला खडू गळून पडला.

"पण वहिनी," ते शेवटी म्हणाले, "चालू करायचं अजून आपलं ठरलं नव्हतं."

"मग आता ठरवा," ताई म्हणाली. "रविवारी समुद्रावर जायचंय." ती हे दाजींकडे बघून म्हणाली. हसली नाही. गाळणी घेऊन घरात गेली.

रविवारी ताई नवी साडी नेसून, पिशवी आणि डबा घेऊन बाहेर आली. दाजींनी तिला प्रवाशांसाठीचे नियम समजावले. दार आपटायचं नाही. काच खाली करायची नाही, कारण ती खाली येते, वर जात नाही. पाय वर्तमानपत्रावर ठेवायचे. मान मागे टेकायची नाही, चामडं मूळचं आहे. "श्वास घेऊ ना?" ताईने विचारलं. दाजींनी क्षणभर विचार केला आणि होकार दिला.

फक्त तू आणि मी, हा शब्दही दाजींनी पाळला. मंडळ त्या गाडीत बसलं नाही. ते दंतवैद्यांच्या साध्या गाडीतून, अवजारं घेऊन, मागोमाग निघालं. मी टॉर्चसह मागच्या आसनावर.

पुढच्या गाडीत काय बोलणं झालं ते ताईने मला नंतर सांगितलं. गावाबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "अहो, एक विचारायचं होतं. समुद्राकाठच्या मोठ्या हॉस्पिटलात प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलंय मला. तिथे राहायला जावं लागेल. उद्या कळवायचंय. जाऊ का?"

"शू!" दाजी म्हणाले. "ऐकलंस?"

टक्. टक्-टक्. टक्.

"मी काय विचारलं?"

"हो, हो, पण हा आवाज ऐक. वळणावर वाढतोय."

ताईने तो ‘हो’ जपून ठेवला.

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी दाजींनी गाडी थांबवली. वर चढलं की समुद्र दिसतो. बॉनेट उघडलं आणि चार डोकी आत गेली. इंजिनातला एखादा टॅपेट ढिला असावा, असं दंतवैद्यांना वाटलं. मास्तर रस्त्यावर खडूने वर्तुळ काढू लागले. हॉर्सपॉवरने अशाच आवाजाच्या एका इटालियन गाडीची ताकद सांगितली.

"अहो, दोन मिनिटांवर आहे," ताई म्हणाली. "चालत जाऊन बघून येऊ. गाडी कुठे पळून जातेय?"

"आलोच," बॉनेटखालून दाजी म्हणाले. "तेवढा एक बारा नंबरचा पाना दे."

तिने पाना दिला. मग मागून बस आली. ताईने हात केला, पिशवी आणि डबा उचलला, सांगितलं होतं तसं दार अलगद लावलं आणि बसमध्ये चढली. मी टॉर्च धरून होतो. ऊन लख्ख होतं. तरी धरून होतो.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी विचारलं, "वहिनी कुठायत?" दाजी म्हणाले, "असेल इथेच." मग गाडी चालवून पाहिली, तर आवाज बंद! मंडळाचे चेहरे उतरले. आपोआप गेलेला आवाज सगळ्यात घातक, यावर त्यांचं प्रथमच एकमत झालं. गाडी परत फिरली, आणि त्याच आठवड्यात शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलण्यात आली. मंडळ आता पूर्वीपेक्षा जोमात आहे. भिंत पुरत नाही म्हणून मास्तर छताकडे वळले आहेत.

ही हकिकत मी अनेकांना सांगितली. सगळे शेवटी पुढे सरकून एकच विचारतात: तो आवाज कशाचा होता?

सांगतो. ताईच्या स्टीलच्या डब्यात चमचा होता. तो वाजत होता. (मंडळाला मी हे कळवलेलं नाही. चार भल्या माणसांच्या जगण्यातला अर्थ एका चमच्यासाठी काढून घेणारा मी कोण?) हे ऐकल्यावर लोक समाधानाने हसतात, मान डोलावतात आणि उठतात.

ताईने ती नोकरी घेतली. तिच्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. दाजी अधूनमधून तिच्याकडे जातात, अर्थात बसने. पहिल्या खेपेला लाटांकडे बराच वेळ कान लावून ते म्हणाले, "एक ठोका चुकतोय." ती हसली, असं दाजी सांगतात. ताई म्हणते, ती रडत होती.

ताईचं हे कोणी विचारलेलं नसताना मी सांगतो आहे. ‘जाऊ का’ असं ताईने विचारलं तेव्हा दाजींचं लक्ष नव्हतं, हे ठीक. त्यांची गाडी होती. तुमची तर गाडीही नव्हती, आणि तरीही तुम्ही कान लावून बसला होता त्या टक्-टक्‌कडेच.