झिराडकर काकांचा इंग्रजी पिक्चर

झिराडकर काकांच्या शेजारी बसून पिक्चर बघायला आमच्या सोसायटीत कुणीही राजी नसे. कारण काका पिक्चर बघत नसत, सांगत असत. इंग्रजी पिक्चर सांगितला असता तर एक वेळ समजण्यासारखं होतं. काका मराठी पिक्चर मराठीतून सांगत. पडद्यावरची आई म्हणे, "बाळ, जेवलास का रे?" की लगेच काका शेजाऱ्याच्या कानाशी, "विचारतेय, जेवलास का." मुलगा मान हलवून नाही म्हणाला की, "नाही म्हणतोय. उपाशी आहे बिचारा." एकदा त्यांच्या घरी दूरदर्शनच्या बातम्या लागल्या होत्या. निवेदिकेने नमस्कार केल्याबरोबर काका माझ्याकडे वाकून म्हणाले, "सुरू झाल्या."

मी पनवेलला शाळेत इंग्रजी शिकवायला आलो आणि काकांच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहू लागलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. ही गोष्ट मी येऊन काही वर्षं झाल्यावरची, एकोणनव्वद-नव्वदच्या सुमाराची. काका आमच्या कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू मंडळींपैकी. आडनाव गावावरून, बोलणं तुमच्याआमच्यासारखं, आणि जेवण बिनमाशाचं झालं तर चेहरा पडायचा. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली एक लहानशी डबी होती, तिला बोट लावून ते बोट ओठांना लावल्याशिवाय काका घरात शिरत नसत. मुलगा आणि मुलगी दोघंही इस्रायलला जाऊन स्थायिक झाली होती. इथे काका आणि लियाकाकी. काकी त्यांच्या नवीन वर्षाला नारळाच्या दुधातला हलवा करत आणि अख्ख्या जिन्याला वाटत, त्यामुळे त्यांच्या नवीन वर्षाची तारीख आमच्या सोसायटीत दिवाळीइतकीच पाठ होती.

काका बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते. तिथे तीस वर्षं नकाशे गिरवता गिरवता त्यांना एक खास इंग्रजी येऊ लागलं होतं. ते फक्त सरकारी पत्रात चाले. "विथ रेफरन्स टू युवर भाजी," असं ते काकींना म्हणत, "मीठ कमी आहे." आणि सगळ्यांत लाडका शब्द म्हणजे 'ॲज पर'. दूधवाला उशिरा आला तर "ॲज पर टाइम ये," आणि मुलं जिन्यात ओरडली तर "ॲज पर सोसायटी रूल गप्प बसा." मी इंग्रजीचा मास्तर म्हणून माझ्याबद्दल त्यांना जरा संशय होता. त्यांच्या इंग्रजीला मी हसेन म्हणून नव्हे. मला इंग्रजी येतं, याचाच त्यांना त्रास होता. त्याचं कारण मला पुढे कळलं.

त्या वर्षी सोसायटीच्या स्नेहसंमेलनात नाटक बसवायचं ठरलं. सभेत नेहमीची नावं निघाली. तेवढ्यात काका उठले.

"आपण रीमेक करायचा."

"कशाचा?" सेक्रेटरी गोखल्यांनी विचारलं.

"इंग्रजी पिक्चरचा. हॉलिवूडचा. प्रेमाचा, पण विनोदी. मी आणि ही लग्नाच्या वर्षी मुंबईला जाऊन बघून आलो. हिंदीवाले चोरून करतात, आपण सांगून करू. ॲज पर ओरिजिनल."

काकी पहिल्या रांगेत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "फार चांगला पिक्चर होता तो." पण त्या अशा काही सुरात म्हणाल्या की ठराव एकमताने पास झाला. पिक्चरचं नाव मी इथे सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही आणून बघाल, आणि मग तुम्हाला काकांचं नाटक पटणार नाही.

काका सांगणार आणि मी लिहून घेणार, अशी वाटणी झाली. गोष्ट अशी. अमेरिकेत एक करोडपती. तो एका टोप्या विकणाऱ्या गरीब मुलीच्या प्रेमात पडतो आणि पियानो दुरुस्त करणारा कारागीर असल्याचं सोंग घेतो. इथवर माझी तक्रार नव्हती. पण पुढे त्या मुलीची एक मावशी येते आणि सुकट महाग झाली म्हणून कोळणीशी भांडते.

"काका, अमेरिकेत सुकट?"

"समुद्र नाही का त्यांना? दोन्ही बाजूंनी आहे. ॲज पर ओरिजिनल, लिहा."

मी लिहिलं. पुढे करोडपतीच्या बापाची भाताची गिरण निघाली. नायिकेची मैत्रीण विहिरीवर भेटायला आली. नायक चिडून "मी एसटीने निघून जाईन" असं म्हणाला. मी मान वर केली की काका 'ॲज पर ओरिजिनल' म्हणत आणि मी पुन्हा मान खाली घालत असे.

नायक म्हणून दिलीप म्हात्रेला घेतलं होतं. तळोज्याला कारखान्यात फिटर, दिसायला देखणा, आवाज गच्चीवरून नाक्यापर्यंत जाणारा. मूळचा जवळच्याच गावातला, त्यामुळे चिडला की गावचं बोलणं बाहेर पडे. तालमी गच्चीवर होत, शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सुट्टी, कारण त्या वेळात त्यांचा शब्बाथ असे आणि काका कुठलंच काम करत नसत. एरवी मात्र सगळं सुरळीत चाललं होतं. अडलं ते एका ठिकाणी, बागेतल्या बाकाच्या प्रवेशात.

मुलगी सगळं सोडून गावी परत जायला निघालेली आहे. दोघं बागेत बाकावर बसली आहेत. आणि करोडपती तिला म्हणतो:

"मला गोड बोलता येत नाही. पण तू अकरा माणसांच्या घरातून आलीस आणि इथे दिवसभर भिंतीशी बोलतेस, ते मला दिसतं. मी संध्याकाळी सहाच्या आत घरी येत जाईन. रॉकेलची रांग मी लावीन. आणि नाहीच करमलं, तर भावाला बोलावू नकोस. मीच तुला पोचवायला येईन, आणि तू परत चल म्हणेपर्यंत तिथेच राहीन."

दिलीपने कागद खाली ठेवला.

"काका, करोडपती रॉकेलची लाईन कशाला लावंल? त्याच्याकं नोकर नाय?"

"आहेत. पण हा स्वतः लावतो."

"आनि अकरा मानसं कुठनं आली? पोरगी तं एकुलती एक हाय ना? भाऊ कंचा?"

काका लालबुंद झाले. त्यांना इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "या प्रवेशातला एक शब्द बदलायचा नाही. बाकी हवं ते बदला. सुकट काढा, गिरण काढा. हे राहणार." आणि ते जिना उतरून गेले.

दिलीपच्या शंकेवर गोखल्यांनी परस्पर तोडगा काढला. मुंबईच्या एका व्हिडिओ लायब्ररीतून त्या पिक्चरची कॅसेट मिळवली आणि नोटीस बोर्डावर चिठी लावली: रविवारी दुपारी सेक्रेटरींच्या घरी मूळ चित्रपट दाखवण्यात येईल, कलाकारांनी आणि रसिकांनी यावे.

त्या दिवसापासून काकांचं अन्नपाण्यावरून लक्ष उडालं. कॅसेट जुनी आहे, व्हीसीआरचं हेड खराब होईल, असं त्यांनी गोखल्यांना दोनदा सांगून बघितलं. रविवारी वीज जाणार आहे अशी बातमी आणली. गोखल्यांनी वीज मंडळात चौकशी केली तर तसं काही नव्हतं. शेवटी शुक्रवारी दुपारी काकांनी मला वडाळे तळ्याच्या काठावर नेलं, कट्ट्यावर बसवलं आणि पाण्याकडे बघत म्हणाले:

"मास्तर, मला इंग्रजी येत नाही."

"अहो काका, थोडंफार..."

"पत्रातलं येतं. पिक्चरमधलं एक अक्षर कळत नाही. तेव्हाही कळलं नव्हतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्नाला महिना झाला होता. काकी नागावच्या, भरल्या घरातल्या. इथे पनवेलला भाड्याच्या एका खोलीत दोघंच. काका सकाळी कचेरीत जात ते दिवेलागणीनंतर येत. काकी दिवसभर रडत आणि काका आले की डोळे पुसून वाढायला घेत. महिनाभरात दोघांत चार वाक्यं झाली नव्हती. काकींनी माहेरी पत्र टाकलं होतं आणि त्यांचा भाऊ त्यांना कायमचं न्यायला येणार होता. ते काकांना घरमालकिणीकडून कळलं. काय करावं ते सुचेना. कचेरीतल्या साहेबांनी पिक्चरचे दोन पास दिले, म्हणून बायकोला घेऊन एसटीने ठाण्यावरून मुंबईला गेले.

"थेटरात बसल्यावर ती पहिल्यांदा आपण होऊन बोलली. म्हणाली, काय म्हणतायत ते सांगा. आता मी बांधकाम खात्यातला माणूस. येत नाही कसं म्हणू? सांगायला लागलो. सुचेल ते सांगितलं. तिच्या मावशीसारखी मावशी घातली. सुकटीवरून भांडण लावलं. मास्तर, ती हसली! अंधारात हसली, पण मला ऐकू आलं. मग मी थांबलोच नाही."

"आणि तो बाकावरचा प्रवेश?"

काका पाण्याकडेच बघत होते. "ती दोघं अगदी चिकटून बसली होती. हिने लाजून मान खाली घातली. मला वाटलं, आता सांगून टाकावं. घरी माझ्या तोंडून निघालं नसतं. त्याच्या तोंडून निघालं."

ज्या माणसाला आम्ही इतकी वर्षं वटवट्या म्हणून टाळत होतो, त्याला आयुष्यात एकदाच मनातलं बोलायचं होतं आणि तेही त्याने एका परक्या माणसाच्या नावावर खपवलं होतं.

"तिला कळता कामा नये," काका म्हणाले. "तिचा त्या पिक्चरवर फार जीव आहे. मी फसवलं असं वाटेल तिला. या वयात मी काय तोंड दाखवू?"

मी वचन दिलं. रविवारी पिक्चर मी समजावून सांगेन, ॲज पर काका.

रविवारी गोखल्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर तीसेक माणसं बसली. काकी सर्वांत पुढे, नवं पातळ नेसून. मी त्यांच्या शेजारी. काका घसा बसल्याची खूण करून दारात उभे राहिले. पायांत चपला तशाच होत्या.

आणि मी आयुष्यातली पहिली धडधडीत थाप मारायला सुरुवात केली. पडद्यावर एक वकीलबाई नायिकेला घराच्या करारपत्राबद्दल दटावत होती. मी म्हणालो, "ही मावशी. सुकट महाग झाली म्हणतेय." काकी खुदकन हसल्या. बँकेत मीटिंग चालली होती, तिथे मी भाताची गिरण चालवली. माझ्या वर्गातली दोन मुलं मागे बसली होती, ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघू लागली. मी त्यांच्याकडे सहामाहीचे पेपर तपासायच्या नजरेने बघितलं, तशी ती गप्प झाली. काकांचा चेहरा हळूहळू सैल पडत होता.

मग बाग आली. बाक आला. काकी सावरून बसल्या. या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही.

नायिका डोळे पुसत बसली होती. नायकाने कोटाच्या खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि दाणे खायला सुरुवात केली. मी तोंड उघडून तयार होतो. तो एक दाणा सोलून खाई आणि समोर बघे. मग दुसरा सोली. मागे पियानो वाजत होता. पूर्ण दोन मिनिटं त्या माणसाने तोंडातून एक शब्द काढला नाही. शेवटी पुडी तिच्यापुढे धरली आणि प्रवेश संपला.

हे काकांनी मला सांगितलंच नव्हतं. मी दाराकडे बघितलं. काका डोळे फाडून पडद्याकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत त्यांचीही खात्री पटली होती, की तो माणूस तिथे काहीतरी बोलतो.

"अरे, यो तं काय बोलतंच नाय!" दिलीप म्हणाला.

"मास्तर," काकींनी विचारलं, "ते रॉकेलचं कुठे गेलं?"

"काकी, या कॅसेटमध्ये थोडं कापलेलं असतं..."

"कापलेलं नाही. तो गप्प बसलाय. मला दिसतं ना." काकी मागे वळल्या. काकांच्या पायांतल्या चपला जिन्याकडे वळल्या होत्या.

"अहो, थांबा."

काका थांबले. गोखल्यांनी पिक्चर तसाच गोठवून ठेवला. काकी आम्हा सगळ्यांना सांगत असल्यासारखं बोलल्या, पण बघत काकांकडेच होत्या.

"माझा भाऊ न्यायला आला होता मला. पेटी भरून तयार होती. मी त्याला परत पाठवलं. म्हटलं, म्हणजे पुरुषांच्या पोटात असं सगळं असतं. हे बोलत नाहीत, पण असेल यांच्याही पोटात." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "पस्तीस वर्षं मी त्या गोऱ्याचे उपकार मानतेय. आणि तुम्ही मानू दिलेत!"

काका चौकटीला धरून उभे होते. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. घसा बसल्याचं सोंग खरं झालं होतं.

"आता तुमच्या तोंडून म्हणा," काकी म्हणाल्या.

"एवढ्या लोकांत?"

"तेव्हा थेटर काय रिकामं होतं?"

गोखल्यांनी उठून टीव्ही बंद केला.