वेसाव्याच्या तांडेलबाई

पौर्णिमेला भर दुपारी बारा वाजता आमच्या तांडेलबाई शिकवता शिकवता थांबायच्या, मनगटावरचं घड्याळ बघायच्या आणि वर्गाला सांगायच्या, "मुलींनो, भरती आली." मुली एका सुरात "हो बाई!" म्हणायच्या आणि धडा पुढे सुरू व्हायचा. वेसाव्याला हे ठीक होतं. आमची शाळा होती संगमनेरात. त्या दुष्काळाच्या साली तर समुद्र सोडाच, प्रवरेच्या पात्रातही नुसती वाळू होती.

एकदा तपासणीचे साहेब वर्गात मागे बसलेले असतानाच पौर्णिमा आली. बाई थांबल्या, म्हणाल्या, "भरती आली." साहेब दचकून उभे राहिले. "कसली भरती? मला कुणी कळवलं नाही!" त्यांना वाटलं, शाळेनं परस्पर शिक्षक भरले. बाई शांतपणे म्हणाल्या, "वेसाव्याची, साहेब. ती कुणाला कळवून येत नाही."

मी त्याच शाळेत शिवण शिकवत होते. नलिनी तांडेल भूगोलाच्या. लग्न केलेलं नव्हतं; आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहायच्या. जातीच्या कोळी, अंगानं दणकट, आणि आवाज असा की पलीकडच्या तिसऱ्या वर्गात बसलेल्या मुलींचाही भूगोल पक्का व्हायचा.

वेसावं म्हणजे लोक वर्सोवा म्हणतात ते. मुंबईत, अंधेरीच्या पलीकडे. पण असं म्हटलेलं बाईंना खपायचं नाही. "वेसावं मुंबईच्या पलीकडे नाही. मुंबई वेसाव्याच्या अलीकडे आहे." पुस्तकात 'उपनगर' हा शब्द आला की त्यांचं डोकं फिरायचं. "उप कोण? आम्ही? पोर्तुगीज आले, मराठे आले, इंग्रज आले. सगळ्यांनी आमच्याकडनं मासळी घेतली आणि गेले. आम्ही तिथंच. आता सिमेंटवाले आलेत. बघू." एका मुलीनं पेपरात लिहिलं, 'शहराच्या आधीपासून जे असते व ज्याला शहर नंतर आपले म्हणते, ते उपनगर.' बाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले आणि मुख्याध्यापिकांशी आठवडाभर भांडण केलं.

घरून त्यांना सुक्या बोंबलांचा डबा यायचा. घरमालक गुळाचे व्यापारी, गळ्यात माळ. नाकाला उपरणं लावून ते दारात आले. "बाई, हा वास कसला वो?"

"वास नाही, शेठ. माहेरचा निरोप आहे."

आता निरोपाला नको कोण म्हणणार? शेठ पुढे फक्त एवढंच विचारायचे, "बाई, पुढचा निरोप कधी? म्हंजी मी तवा पेठेत जाऊन बसतो."

माझ्या मुलीला, सुलभाला, मात्र बाईंनी कधी शाबासकी दिली नाही. नकाशात खाडी चुकली म्हणून तिला तास संपेपर्यंत उभं केलं होतं. ती मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा सगळ्या शिक्षिकांनी कौतुक केलं; बाई म्हणाल्या, "खाडी आली का?" पण तिला नर्सिंगसाठी मुंबईच्या एका इस्पितळात मुलाखतीला बोलावलं, तेव्हा बाईच म्हणाल्या, "उतरायचं आमच्याकडे. वेसाव्यात कुणालाही विचारा, तांडेलबाई कुठं राहतात."

सुटी लागताच त्या पुढे गेल्या. सुलभाचे वडील एस.टी.त होते, त्यांना रजा मिळेना. म्हणून आम्ही मायलेकीच निघालो. अंधेरीहून बसनं कोळीवाड्यात उतरलो. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, खाली बायका जाळी शिवत बसलेल्या. "तांडेलबाईंचं घर?" मी विचारलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. अर्ध्या वाड्याचं आडनाव तांडेल.

"आम्ही संगमनेरहून आलोय," मी म्हटलं.

"अगो, संगमनेरवाली!" एकजण ओरडली, आणि सगळ्या जाळी टाकून उठल्या. एकीनं माझी पिशवी घेतली. दुसरी म्हणाली, "तुमच्या नदीला आता तरी पानी हाय का?" तिसरीला आमच्या शेठचा गूळ ठाऊक होता. चौथीनं सुलभाची हनुवटी धरली. "हीच ती! नकाशा काढते ती. नली सांगते, अशी पोर अख्ख्या मुंबईत नाय."

सुलभा माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे.

बाई त्या घरची एकुलती लेक. आईवडील गेलेले, भाऊ होडीवर. घर चंदावहिनी सांभाळायच्या. त्यांनी आमच्यापुढे तळलेलं पापलेट ठेवलं आणि तक्रार सुरू केली. "रोज जेवताना हिचा धोशा. पापलेट ताटात, आनि ही म्हनते, आमच्या संगमनेरात बाजरीची भाकरी असते तशी कर. आमच्या संगमनेरात असं, आमच्या संगमनेरात तसं. म्हैनाभर कान किटतात आमचे!"

बाई तोंडात घास धरून भिंतीकडे बघत होत्या. एवढ्या धिप्पाड बाईला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी खाडीकाठी मी विचारलं, "बाई, इकडं नोकरी का नाही बघत?"

"बघितली होती. मिळतही होती." त्या पलीकडच्या मढ गावाच्या दिव्यांकडे बघत राहिल्या. "पण वहिनीच्या घरात मी महिनाभर पाहुणी म्हणून बरी. बाराही महिने राहिले तर नकोशी होईन. तिकडं निदान शाळा सुटल्यावर कुणीतरी हाक मारतं."

दुसऱ्या दिवशी मुलाखतीला आम्ही चौघी गेलो. चंदावहिनी डोक्यात अबोलीचा गजरा माळून, नऊवारीत, लग्नाला निघाल्यासारख्या. सुलभाची निवड झाली. मी पदरानं डोळे पुसत होते तोच कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "वसतिगृहासाठी मुंबईतलं जबाबदार माणूस कोण? नातेवाईकच लागेल."

मुंबईत आमचं कुणी नव्हतं.

चंदावहिनी पुढे झाल्या. "मी हाय. वेसाव्याला घर हाय माजं."

"मुलगी तुमची कोण लागते?"

वहिनी अडखळल्या. त्यांनी मागे वळून बाईंकडे बघितलं. तिसऱ्या वर्गापर्यंत जाणारा तो आवाज अगदी खाली आला होता.

"लिहा," बाई म्हणाल्या, "नणंदेची मुलगी."

कारकुनानं लिहून घेतलं. चंदावहिनींना नणंद एकच होती.