हवाबंद कपाट

सर्बियातल्या वाल्येवो गावच्या पोस्टात तीस वर्षं शिक्के मारत आलेल्या ब्लागोयेने एका रविवारी जेवताना जाहीर केलं, की बैठकीतलं जुनं चार खणांचं कपाट आता काढून टाकायचं आणि नवीन, पाच खणांचं, आपण स्वतः बनवायचं. (याआधी त्याने एक स्टूल केलं होतं. त्याच्यावर कुणी बसत नसे, पण ते उभं होतं.)

"कधीपर्यंत?" त्याच्या बायकोने, स्तानोय्काने, विचारलं.

"स्लावापर्यंत."

स्लावा म्हणजे घराच्या राखणदार संताचा सण. ब्लागोयेच्या घरी संत निकोला, म्हणजे डिसेंबरात, ऐन नाताळच्या उपासात. त्या दिवशी फादर गाव्रिलो पाव कापायला येत, अर्धी गल्ली उपासाला चालणारे मासे खायला येई. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हातच्या एकाही वस्तूचं स्तानोय्काने कौतुक केलं नव्हतं. या खेपेला ते मिळवायचंच, असा ब्लागोयेने पण केला.

दोन महिने तो गॅरेजमध्ये अक्रोडाच्या फळ्या रंधत होता. चार बोटांना पट्ट्या लागल्या, पण कपाट उभं राहिलं, आणि काय उभं राहिलं! खणाच्या कडेला पोस्टकार्डसुद्धा शिरत नव्हतं. फक्त एक खण आत ढकलला की दुसरा कुठलातरी हळूच बाहेर येई, कारण आतल्या हवेला जायला वाटच नव्हती.

"म्हणजे मी मोजे आत घालायचे आणि चादरी बाहेर घ्यायच्या?" स्तानोय्का म्हणाली.

"हळू ढकललं की काही होत नाही."

"मागच्या फळीला भोकं पाडा, जावईबापू," सासूबाई पेर्सिदा म्हणाल्या. त्या स्वयंपाकाला मदत करायला दोन दिवस आधीच येऊन बसल्या होत्या. "हवा निघून जाईल."

ब्लागोये मनापासून दुखावला. "सासूबाई, अशी घट्ट बसण जमायला उस्तादांचा जन्म जातो. हिला भोकं पाडू?"

खरं तर त्या बसणीचा त्याला भलताच उपयोग सापडला होता. उपासाच्या दिवसांत घरात मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. नुसती कोबी आणि घेवडा. आणि नेमक्या त्याच दिवसांत गावोगावी डुकरं कापतात. पोस्टातल्या एका मित्राने गावाहून बरंच काही आणून दिलं, तेव्हा ब्लागोयेचा धीर सुटला. त्याने ते खणांत नॅपकिनांखाली दडवलं. वासही बाहेर येत नव्हता. सासूबाईंच्या नाकाला दोन दिवस पत्ता लागला नाही, आणि त्या नाकाला आजवर कुणी चकवलं नव्हतं.

स्लावाच्या दिवशी मेणबत्ती लागली, पाव कापला गेला, आणि फादरांची नजर कपाटावर पडली.

"वा! कुणी केलं हे?"

"मीच," ब्लागोये म्हणाला, पण बघत होता स्तानोय्काकडे. त्याने वरचा खण ओढून सांधे दाखवले. फादर खूश झाले.

"सरकतो कसा, बघू," म्हणून त्यांनी आपला रुंद पंजा खणावर टेकवला.

"फादर, जरा हळू..."

वरचा खण धाडकन आत गेला आणि सगळ्यात खालचा अदबीने बाहेर येऊन फादरांच्या बुटांपाशी थांबला. त्यात अर्धी खाल्लेली, धुरावलेली डुकराची तंगडी होती, शेजारी सुरी. दोन दिवसांचा कोंडलेला वास खोलीभर पसरला.

ब्लागोयेने तो खण गुडघ्याने आत रेटला. त्याच्या वरचा बाहेर आला. त्यात सॉसेजची माळ होती. तो दोन्ही हातांनी लोटला, तेव्हा त्याच्याही वरच्याने चीजचा गोळा पुढे केला.

"अजून खण आहेत?" फादरांनी शांतपणे विचारलं.

"एक आहे," सासूबाई म्हणाल्या. "ढकला, जावईबापू. अंडी राहिली असतील."

शरमेने ब्लागोयेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. स्तानोय्का मात्र पुढे आली. तिने अक्रोडाच्या त्या गुळगुळीत फळीवरून सावकाश हात फिरवला, चारही कोपरे चाचपून पाहिले.

"कपाट खरंच छान झालंय हं," ती म्हणाली.

ब्लागोयेने आशेने मान वर केली.

"काही लपवत नाही. बापावर गेलं नाही."