बारीक होण्याचं चूर्ण

प्रयोगशाळेतली माकडं चौघांचं खाऊनही वाळत चालली होती आणि संचालकसाहेबांचा आनंद गगनात मावत नव्हता. वजन उतरवणाऱ्या त्यांच्या चूर्णाला अखेर यश आलं होतं.

माकडांच्या डॉक्टरला मात्र पिंजऱ्याच्या तळाशी काकडीच्या बियांसारखं काहीतरी पांढरं वळवळताना दिसलं आणि त्याने कपाळावर हात मारला. माकडांना जंत झाले होते, तेही साधे नव्हेत, फितीसारखे लांबलचक पट्टकृमी. चूर्ण बिचारं निरुपद्रवी होतं. पण त्याची बरणी पिंजऱ्यांशेजारी उघडी असायची, जंतांची अंडी खाल्लेले घाणीतले किडे बरणीत जायचे आणि बरणीतले माकडांच्या पोटात.

डॉक्टरची नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की झाल्याचं बायकोने माहेरी कळवूनही टाकलं होतं. तरी मनाचा हिय्या करून तो साहेबांच्या खोलीत शिरला, पण साहेब त्याला बोलू देतील तर ना.

"माकडांचं सोडा हो. आमच्या हिला महिनाभर देतोय. बांगड्या निसटतायत हातातून."

"कुठल्या बरणीतलं, साहेब?"

"पिंजऱ्याशेजारच्या. तीच तर गुणकारी निघाली."

डॉक्टर तसाच बाहेर पडला. साहेबांना सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर वहिनी खंगणार. शेवटी जंताची गोळी खिशात घालून तो थेट त्यांच्या घरी गेला. बराच वेळ माकडांच्या तब्येतीबद्दल बोलून झाल्यावर वहिनींनीच विचारलं, "म्हणजे माझ्या पोटात जंत आहे?"

"बहुतेक एकच असेल."

"केवढा?"

डॉक्टरने ओट्यापासून दारापर्यंत नजर फिरवली आणि बऱ्यापैकी आहे, एवढंच सांगितलं. आता या किंचाळणार म्हणून त्याने गोळी पुढे करून डोळे मिटून घेतले. वहिनींनी शांतपणे गोळी डब्यात टाकून झाकण लावलं.

"शनिवारी आमच्या जाऊबाई येतायत. लग्न झाल्यापासून मला पिंप म्हणतात. एकदा मला अशी बघू दे त्यांना, मग घेते गोळी. तुमच्या नोकरीचं मी ह्यांच्याशी बोलते. तोपर्यंत पोटातच राहू द्या."

"काय, ही गोष्ट की जंत?"

"दोन्ही."